मुखवटा आणि हजेरी

मराठी साहित्यात चोराला जागा आहे. चोरी करणाऱ्या बाईला नाही. पुराणात वाटमाऱ्या वाल्याचा वाल्मीकी होतो. इतिहासात १८३२ साली फासावर गेलेला उमाजी नाईक इंग्रजांच्या दप्तरी दरोडेखोर असतो, आणि पुढे त्याचीच आद्य क्रांतिकारक म्हणून जयंती होते. वगात चोर येतो, हवालदाराची फजिती करतो आणि टाळ्या घेऊन जातो. बाई मात्र भेटते ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, एस. टी. स्टँडवर कुणाची तरी पोत लांबवणाऱ्या टोळीतली म्हणून. तिथे तिचे नाव कुणी लक्षात ठेवत नाही, जमात तेवढी लक्षात राहते.

सोलापुरातल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवते, तिथल्या मुलामुलींना एक चोरटी बाई चांगली माहीत आहे. ती इथली नाही. ती अमेरिकन चित्रकथेतली कॅटवुमन, म्हणजे सेलिना काइल. काळा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक. श्रीमंतांच्या तिजोऱ्या फोडते, छपरांवरून पसार होते, आणि बॅटमनसारखा न्यायाचा रखवालदारही तिच्यावर जीव टाकतो. मुलींना ती आवडते. त्यांच्या मोबाइलवर तिची चित्रे असतात. त्याच मुलींपैकी एखादी बसमध्ये पारधी बाई शेजारी येऊन बसली की पर्स मांडीवर ओढून घेते. ह्यात त्या मुलींचा दोष मी मानत नाही. एक चोरी सुंदर आणि दुसरी किळसवाणी वाटावी, अशी त्यांची रुची घडवली कोणी, हा माझा प्रश्न आहे. रुचीचा प्रश्न हा समीक्षेचा प्रश्न आहे, म्हणून ह्या पानांवर त्या परदेशी चोरटीची दखल घ्यायची.

सेलिना प्रथम अवतरली ती १९४० साली, ‘बॅटमन’ मासिकाच्या पहिल्याच अंकात. बॉब केन आणि बिल फिंगर हे तिचे जनक. त्या कथेत ती एका आलिशान नौकेवर म्हातारीच्या वेषात येऊन रत्नहार चोरते. पकडली जाते. बॅटमन तिला पोलिसांच्या हवाली करायला निघतो, पण ती पाण्यात उडी मारते तेव्हा तो तिला जाऊ देतो. इतकेच नाही, आपल्या साथीदारालाही अडवतो. तिच्या रूपाची भूल त्याला पडलेली आहे. ऐंशी वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ह्या मालिकेचे बीज ह्या एका प्रसंगात आहे. बाई चोर असली तरी चालेल, ती पाहणाऱ्या पुरुषाला हवीशी वाटली पाहिजे. १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर नीतिनियम लादून घेतले. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे काही छापायचे नाही, असे ठरले. त्यानंतर ही बाई १९६६ पर्यंत पानांवरून नाहीशी झाली. म्हणजे तिकडच्या प्रस्थापितांनाही ती पुरती पचली नव्हती, हे नोंदवले पाहिजे.

१९८७ साली फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली ह्यांनी तिला नवे पूर्वायुष्य दिले. आता ती शहराच्या गलिच्छ भागात देहविक्रय करून जगणारी बाई होती, आणि त्या जगण्याला लाथ मारून ती चोरीकडे वळते. दारिद्र्य तिच्या कथेत आले ते अशा वाटेने. पुढच्या लेखकांनी तिला अनाथाश्रम दिला, सुधारगृह दिले. आणि तिच्या कथांचा एक साचाही पक्का होत गेला: ती धंदा सोडू पाहते, कोणीतरी बलवान माणूस तिचे गुपित किंवा तिचे माणूस ताब्यात घेतो, आणि जिवावरची एक शेवटची चोरी तिच्या गळ्यात घालतो.

ह्या साच्याचे सर्वांत बोलके रूप २०१२ सालच्या ‘द डार्क नाइट राइझेस’ ह्या चित्रपटात आहे. तिथली सेलिना अब्जाधीश ब्रूस वेनच्या वाड्यातून त्याच्या बोटांचे ठसे चोरते. हे धोक्याचे काम ती पैशासाठी करत नाही. पोलिसांच्या सर्व नोंदींतून माणसाचे नाव कायमचे पुसून टाकणारी एक यंत्रणा तिला मोबदल्यात हवी आहे. तिला कोरी पाटी हवी आहे. पूर्वीची नोंद पुसत नाही म्हणून नवा गुन्हा, आणि नव्या गुन्ह्याने नोंद आणखी जाड, असा हा फेरा आहे. काम सांगणारा शेठ तिला फसवतो. शेवटी ती कोरी पाटी तिला मिळते, पण कोणाकडून? ज्याच्या घरात तिने चोरी केली त्या अब्जाधीशाकडूनच. मग दोघे फ्लॉरेन्सच्या एका कॅफेत निवांत बसलेले दिसतात.

हा चित्रपट पाहताना मला सोलापूरचे सेटलमेंट आठवले नसते तरच नवल.

आपल्या शहरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ म्हणून वस्ती आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो नेऊन सोडतो. त्या ‘फ्री’चा अर्थ काय, हे मात्र फार थोडे विचारतात. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो सुधारून देशभर लागू करता येईल असा केला, तेव्हा मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवले गेले. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर अशी सेटलमेंटची ठाणी उभी राहिली. सोलापुरात ती उभी राहण्यामागे कारण होते. इथे कापडगिरण्या होत्या. १८७७ सालची जुनी गिरणी होती. गिरणीला वेळेवर येणारे, पळून न जाणारे आणि संपाच्या वाटेला सहजी न जाणारे हात हवे होते. कुंपणाआडचा माणूस ह्या तिन्ही अटी पुऱ्या करत होता. पुरुष गिरणीत गेले तशा बायकाही गेल्या. हजेरी होती, बाहेर जायला पास होता. ज्यांची वर्तणूक सरकारला पटली त्यांना कुंपणाबाहेर, पण नजरेच्या आत, राहायला जागा मिळाली. ती फ्री कॉलनी. स्वातंत्र्याला परवाना लागतो, हे त्या नावातच लिहिलेले आहे.

१९२४ च्या कायद्यात शिक्षांची शिडी होती. नोंदलेल्या जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि चोरी केलेली नसतानाही, हा चोरी करण्याच्या बेतात होता अशी न्यायालयाची खात्री पटली तर तीन वर्षांपर्यंत कैद. केवळ उभे राहणे, केवळ वाटेने जाणे हा गुन्हा होता. मुखवटा घालायला किंवा काढायला इथे वाव कुठला? सेलिना मुखवटा चढवते तेव्हा ती चोर असते, उतरवते तेव्हा शहरातली एक देखणी बाई असते. सेटलमेंटमधल्या बाईला असा दुसरा चेहरा कायद्याने ठेवलाच नव्हता. तिचा उघडा चेहराच पुरावा होता. सेलिनाच्या कथेचा सगळा डोलारा मुखवट्यावर उभा आहे, आणि आपल्या बाईची कथा हजेरीवर. दोघींतला हा फरक नीट ध्यानात घेतला नाही तर तुलना वरवरची होईल.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला, देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाटी कोरी झाली, असे जाहीर झाले. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. शब्द बदलला, जमातीच्या जागी व्यक्ती आली. चौकीतल्या वहीला हा फरक फारसा कळला नाही. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीला भारत सरकारला सांगावे लागले की हा सराईतांचा कायदा रद्द करा. आपल्या सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांच्या स्थितीचा अहवाल दिला. कोरी पाटी देणारा अब्जाधीश मात्र आमच्या वस्तीत अजून आलेला नाही, आणि यावा असेही मला वाटत नाही. कारण नोंद पुसणे ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न कोणत्या पातळीवर नेला होता, ते पाहण्यासारखे आहे. सेटलमेंटचा कारभार पाहणारा स्टार्ट हा अधिकारी पुढे मुंबई सरकारच्या १९२८ च्या समितीचा अध्यक्ष झाला. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या त्या समितीत बाबासाहेब सभासद होते. १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार जमाती ह्या तिघांना एका रांगेत उभे केले, आणि ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग निर्माण केले तिलाच जाब विचारला. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनी संस्कृती उभी केली. चोराकडे बघण्याची ही दृष्टी आपल्या समीक्षेची पायाभूत दृष्टी व्हायला हवी होती. ती झाली काय?

मराठी मुलांच्या हाती चित्रकथा आल्या त्या इंद्रजाल कॉमिक्समधून. १९६४ ते १९९० ह्या काळात त्या निघत होत्या. वेताळ आणि मँड्रेक घराघरांत पोहोचले. १९७६ साली त्यात बहादूर हा भारतीय नायक आला. आबिद सुरती ह्यांनी निर्माण केलेला हा तरुण स्वतः दरोडेखोराचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मरतो, मुलगा सूडाचा विचार सोडतो आणि दरोडेखोरांविरुद्ध गावकऱ्यांचे दल उभारतो. नायक व्हायचे असेल तर चोराच्या पोराने पोलिसांच्या बाजूला उभे राहावे, अशी ती शिकवण. बाप दरोडेखोर का झाला, हा प्रश्न चौकटीबाहेर राहिला.

हा प्रश्न चौकटीत आणला तो अण्णा भाऊ साठे ह्यांनी. ‘फकिरा’ (१९५९) ही दरोडेखोराची कादंबरी म्हणून वाचली जाते. पण तिची सुरुवात कशी होते? राणोजी मांग शिगावची जोगिणी पळवून आणतो ती गावासाठी. जोगिणी गावात आली की गावाची भरभराट होणार, यात्रा आपल्या गावाची होणार. जीव जातो राणोजीचा. मान मिळतो वाटेगावाला. म्हणजे मांगाने केलेली पहिली ‘चोरी’ ही गावाने पवित्र मानलेली चोरी आहे. पुढे दुष्काळात त्याचा मुलगा फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, मग सरकारी खजिना लुटतो, आणि तो गुन्हेगार ठरतो. शेवटी सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते आणि त्यांच्यासाठी तो स्वतः हजर होतो. सेलिनाच्या कथांत ओलीस धरतो तो एखादा खलपुरुष. त्याचा पाडाव झाला की गोष्ट संपते. ‘फकिरा’त ओलीस धरणारे आहे ते राज्य, आणि त्याच्या हातात कायदा आहे. अण्णा भाऊंची झेप इथे दिसते. बळजबरीला त्यांनी एका दुष्टाचा चेहरा दिला नाही, तिचे संपूर्ण यंत्र दाखवले. मात्र ह्या कादंबरीतही राधा ही राणोजीची विधवा आणि फकिराची आई म्हणून उभी आहे. ती तेजस्वी आहे, पण तिच्या वाट्याला धीर देणे आणि शोक करणे आले.

मग १९८७ साली लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ आले. दुसऱ्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाला प्रथमच चोरीचा हिशेब आतून कळला. लेकरांना चोरी शिकवताना मारून मारून तयार केले जाते, कारण उद्या पोलिसांचा मार सोसता आला पाहिजे. मिळकतीत पोलिसांचा वाटा ठरलेला असतो. शाळेत जाणाऱ्या पोरामुळे वस्तीवर आजार आला असे जमातीलाच वाटते. ह्या पुस्तकाने चोरीवरचे सगळे साहस उतरवले. त्याच वर्षी भीमराव गस्ती ह्यांचे ‘बेरड’ आले. बेळगावजवळच्या बेरडांच्या वस्तीत, चोरी कुठेही होवो, धरपकड ठरलेली. ह्या दोन्ही पुस्तकांचे मोल मोठे आहे. मी माझ्या घरातली पहिली पदवीधर. असली पुस्तके अभ्यासक्रमात नसती तर साहित्य हे आपल्याविषयी असू शकते हे मला उमगायला फार उशीर झाला असता.

तरीही समीक्षकाने विचारले पाहिजे: ह्या पुस्तकांत बाई कुठे आहे? ती उपाशी आहे, ती मार खाते आहे, झडतीला आलेल्या पोलिसांच्या तावडीत ती सापडते आहे, ती देवाला सोडली जाते आहे. ती सोसते आहे. मुलाच्या आणि भावाच्या नजरेतून ती जशी दिसली तशी लिहिली गेली. ह्यात लेखकांचा अपराध नाही. पण तिचे स्वतःचे कसब, तिची भीती, हात चालवतानाचा तिचा श्वास, घरी परतल्यावर वाटणीवरून झालेले तिचे भांडण, सराफाने अर्ध्या किमतीत माल घेताना तिने त्याला घातलेली शिवी, हे अजून लिहायचे राहिले आहे. दलित स्त्रियांनी १९८०च्या दशकात लेखणी हाती घेतली. कुमुद पावडे, शांताबाई कांबळे, बेबी कांबळे ह्यांनी घरातल्या आणि गावातल्या दोन्ही जुलमांना नावे दिली. भटक्यांतून विमल मोरे ह्यांचे ‘तीन दगडांची चूल’ २००० साली आले. ही वाट आहे. तिच्यावरून सेटलमेंटची बाई, जिच्यावर चोरीचा शिक्का आहे ती बाई, अजून स्वतःच्या शब्दांत पुढे आलेली नाही.

इथे कॅटवुमन आपल्याला एक गोष्ट शिकवते, आणि ती मान्य करण्यात कमीपणा नाही. ती कुशल आहे. तिला आपल्या कामाचा अभिमान आहे. ती हसते, फसवते, रागावते, तिला हौस आहे. तिच्या निर्मात्यांनी तिला पुरुषी नजरेचा खुराक म्हणून घडवले हे खरे. पण त्या नजरेच्या तडाख्यातूनही तिचा उद्दामपणा शिल्लक राहिला, आणि माझ्या वर्गातल्या मुलींना आवडतो तो हा उद्दामपणा. आपल्या वास्तववादाने आपल्या बाईला केवळ वेदना दिली. वेदना दाखवली की वाचक हळहळतो. हळहळणारा वाचक वरच्या जागी बसलेला असतो. ज्या बाईला कसब आहे, डोके आहे, खोडी आहे, तिच्याकडे वरून पाहता येत नाही.

ह्यावर विमुक्त जमातींतला शिकलेला तरुण शंका घेईल, आणि ती शंका रास्त आहे. चोरी करणाऱ्या बाईवर लिहिणे म्हणजे इंग्रजांनी मारलेला शिक्का आपल्याच हाताने गडद करणे नव्हे काय? आमच्या आयाबहिणी खडी फोडतात, विड्या वळतात, धुणीभांडी करतात. त्यांच्याविषयी लिहा की! मी ही शंका झटकून टाकणार नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीचा मार ज्याच्या वस्तीवर पडतो त्याला ती विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण शिक्का मौनाने पुसत नाही. आपण गप्प राहिलो तर तिची गोष्ट सांगणारे दोघेच उरतात: एक फौजदार, दुसरा सिनेमावाला. पहिला तिला जमातीत बुडवतो, दुसरा तिला तंग काळ्या कपड्यात नाचवतो. खडी फोडणारी आणि पाकीट मारणारी ह्या पुष्कळदा एकाच घरच्या, कधी एकच बाई, हे सांगणारा तिसरा कोणीतरी हवा. अशा लेखनाला माझ्या मते एकच कसोटी लावावी. चोरीचा पुरा हिशेब त्यात आला पाहिजे. माल कोणी उचलला एवढेच नव्हे, तो कोणी विकत घेतला, वाटा कोणी खाल्ला, तपास दाखवायला मुद्देमाल कमी पडला तेव्हा कोणाच्या पोरीला उचलून आणले, आणि त्या वर्षी गिरणी बंद होती की चालू. एवढा हिशेब मांडला की चोरी ही जमातीची खोड म्हणून उरत नाही. ती एक बाजारपेठ म्हणून दिसू लागते, जिच्यात सर्वांत कमी नफा आणि सर्वांत जास्त शिक्षा एकाच बाईच्या पदरात पडते.

हे चित्रकथेतून होईल का? होऊ शकते. २०११ साली निघालेली ‘भीमायन’ आपल्यासमोर आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र चितारताना चित्रकथेच्या ठरलेल्या चौकटी नाकारल्या. चौकटीत माणसे कोंडली जातात, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पानांवर गोंड भिंतीवरच्या नक्षीच्या वळणदार रेघा जागा विभागतात. जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याला त्यांनी विंचवाची नांगी दिली, मायेच्या बोलण्याला पाखराचा आकार. ज्यांच्या कित्येक पिढ्या कुंपणात मोजल्या गेल्या त्यांची गोष्ट सांगताना चौकट मोडणे ही केवळ सजावट ठरत नाही. सेलिनाचे जग सहा चौकटींच्या पानात बसते, कारण तिला प्रत्येक चौकटीतून निसटायचे असते. आपल्या बाईला चौकट कोणी आखली हे आधी दाखवायचे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता ह्या मुंबईच्या पत्रकार बाईंच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामे वाटणारी कलमे घटनाबाह्य ठरली, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना जमातीवरून सराईत मानण्यालाही न्यायालयाने नकार दिला. भाषेतला शिक्का पुसायला एका बाईने कागद हाती घेतला आणि देशाच्या नियमावल्या बदलाव्या लागल्या. साहित्यातला शिक्का पुसण्याचे काम न्यायालय करणार नाही. ते आपले आहे.

त्याला वेळ थोडा आहे. १९४९ साली दहा वर्षांची असलेली, आईचे बोट धरून हजेरीला उभी राहिलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. फ्री कॉलनीत अशा आज्या अजून आहेत. भटक्या-विमुक्तांतल्या ज्या मुली आज महाविद्यालयात शिकत आहेत त्यांनी वही घेऊन त्यांच्यासमोर बसावे, नाव आधी लिहावे, जमात मागाहून, आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. आपल्या नियतकालिकांनी त्या वह्यांसाठी पाने राखून ठेवावीत.